श्वास एकच, समोर कोण?

(दृश्य : कसारा स्थानक, पहाट. गाडीला मागून बँकर, म्हणजे चढावर ढकलणारी, इंजिने जोडली जात आहेत. घाटात धुके.)

मुंबईहून रेल्वेने सह्याद्री चढायचा तर वाटा दोन. कल्याणला त्या फुटतात. एक कसाऱ्यावरून थळ घाटाने इगतपुरीला जाते, दुसरी कर्जतवरून बोर घाटाने लोणावळ्याला. या दोन्ही घाटमाथ्यांवर अशी माणसे येतात, जी दिवसचे दिवस कोणाशी बोलत नाहीत. डोळे मिटून बसतात, श्वासाकडे लक्ष देतात. दुरून पाहणाऱ्याला दोन्हीकडचे चित्र सारखेच दिसेल.

एकीकडे बौद्ध विपश्यना, दुसरीकडे ख्रिस्ती ध्यान. या व्हिडिओत आपण ते जरा जवळून पाहू.

(दृश्य : इगतपुरी. धम्मगिरीचा सोनेरी पॅगोडा, मागे डोंगर.)

आधी इगतपुरी. ‘धम्मगिरी’ हे विपश्यना केंद्र १९७६ साली सुरू झाले. तिथली साधना शिकवणारे सत्यनारायण गोएंका मूळचे मंडालेचे, व्यापारी घराण्यातले. ब्रह्मदेशात विपश्यनेचे आचार्य सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ते ही साधना शिकले आणि १९६९ साली ती घेऊन भारतात आले. शिबिर दहा दिवसांचे. पहाटे चारला घंटा. पहिले तीन दिवस काम एकच : नाकाखाली, वरच्या ओठावरच्या एवढ्याशा जागेत श्वास आला, श्वास गेला, हे जाणायचे. चौथ्या दिवसापासून लक्ष साऱ्या शरीरावर फिरते. कुठे खाज, कुठे ठणका, कुठे सुखद झिणझिण्या. हवेसे वाटले म्हणून धरून ठेवायचे नाही, नकोसे वाटले म्हणून ढकलायचे नाही. उठते आणि जाते, एवढे पाहायचे.

आणि एक नियम असा, की या दहा दिवसांत प्रार्थना नाही, पूजा नाही, मंत्र नाही, माळ ओढणे नाही. घरून जपमाळ आणली असेल, तर ती बाजूला ठेवायची. ऐकायला हे कडक वाटते. पण कारण साधे आहे. श्वासाला एखादे नाव जोडले तर मन लवकर शांत होते, हे गोएंकाही मान्य करत. मात्र मग लक्ष त्या नावावर जाते आणि शरीरात खरोखर काय चालले आहे ते दिसायचे राहते. इथे कोणाला हाक मारायची नाही. धम्मपदात बुद्धाचे वचन आहे : ‘तुम्हेहि किच्चं आतप्पं, अक्खातारो तथागता.’ खटपट तुम्हीच करायची, तथागत म्हणजे बुद्ध फक्त वाट दाखवतात.

(दृश्य : बोर घाटातले बोगदे. लोणावळ्याच्या पावसाळी रस्त्यावरून कॅमेरा चालतो.)

आता दुसरा घाट. लोणावळ्यात येशू संघाच्या म्हणजे जेज्विट धर्मगुरूंच्या आवारात ‘साधना’ ही संस्था आहे. फादर अँथनी डिमेलो यांनी ती आधी पुण्यात सुरू केली, मग इकडे आणली. डिमेलो १९३१ साली मुंबईत जन्मले. आपण एका बौद्ध शिबिरात गेलो होतो आणि तिथे श्वासावरच बसवले होते, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ती रीत त्यांनी धर्मगुरूंना आणि सिस्टर लोकांना शिकवली. ताठ बसा, श्वास पाहा.

इथवर दोन्ही घाट एकच. मग डिमेलो एक पुढचे पाऊल टाकतात. आत येणारी ही हवा देवाच्या सान्निध्याने भरलेली आहे, असे मनात आणा, म्हणतात. आपण देवालाच श्वासातून आत घेतो आहोत.

इगतपुरीत नेमके हेच करू नका असे सांगतात. जागा तीच, ओठावरची. पण एकाच्या लेखी तिथे श्वास आहे, दुसऱ्याच्या लेखी कोणीतरी आले आहे.

(दृश्य : जुने हिब्रू हस्तलिखित. त्यावरून सरकणारे बोट.)

ख्रिस्ती परंपरेत ‘मनन’ म्हणजे काय, ते मुळापासून पाहिले तर गंमत वाटते. बायबलमधले पहिले स्तोत्र सांगते, की नीतिमान माणूस परमेश्वराच्या नियमशास्त्राचे रात्रंदिवस मनन करतो. तिथला हिब्रू शब्द ‘हागा’. त्याचा अर्थ गप्प बसणे असा नाही. पुटपुटणे, गुणगुणणे असा आहे. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात हाच शब्द शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी येतो आणि घुमणाऱ्या पारव्यासाठीही. म्हणजे तोंडात शब्द हवा. मन रिकामे करण्यापेक्षा ते एका वचनाने भरून काढायचे.

मध्ययुगातल्या मठांत याची पद्धत बसली. बाराव्या शतकातल्या दुसऱ्या गीगो या कार्थुसियन पंथाच्या मठवासी साधूने तिच्या चार पायऱ्या लिहिल्या : वाचन, मनन, प्रार्थना, दर्शन. वाचन म्हणजे घास तोंडात घालणे, मनन म्हणजे तो चावणे, असे तो म्हणतो. मठवासीयांचा आवडता शब्द तर याहून आपल्या ओळखीचा आहे : रवंथ. गोठ्यात बसलेली गाय डोळ्यांपुढे आणा, म्हणजे चार पानांची व्याख्या वाचावी लागत नाही.

(दृश्य : स्पेनचा नकाशा. मान्रेसा, मग आविला.)

जेज्विटांचे मूळ पुरुष संत इग्नाती लोयोला. १५२२ साली मान्रेसा गावात राहून त्यांनी ज्या आध्यात्मिक साधना टिपायला घेतल्या, त्यांना १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिली. पूर्ण साधना साधारण तीस दिवसांची. तिच्यातही मौन आहे, पण आतला गोंगाट मुद्दाम जागवलेला असतो. येशूच्या जन्माचा प्रसंग घ्या, म्हणतात. बेथलेहेमची वाट किती लांब, सपाट की चढणीची? गुहा केवढी? माणसे काय बोलतात? पाहा, ऐका, वास घ्या. आणि शेवटी संवाद करा, मित्राने मित्राशी बोलावे तसा. हा संवाद झाला नाही, तर बैठक पुरी झाली नाही.

विपश्यनेच्या बैठकीत असले चित्र मनात आले तर ते मनाचे भटकणे ठरेल आणि साधक मुकाट्याने श्वासाकडे परतेल. माझ्या मते दोन वाटा सर्वांत लांब जातात त्या इथे. डोळे, मांडी, शांतता, हे सगळे वरवरचे.

इग्नातींच्याच शतकात आविलाच्या संत तेरेसा यांनी प्रार्थनेला बागेच्या शिंपणाची उपमा दिली. तीही आपल्या मातीतली वाटावी अशी. पहिल्या तऱ्हेत विहिरीतून हाताने पाणी शेंदायचे. दुसरीत रहाट, कष्ट थोडे कमी. तिसरीत ओढ्याचे पाणी आपसूक वाहत येते. आणि चौथीत पाऊस पडतो. तिथे माळ्याच्या हातात काही उरत नाही. ख्रिस्ती धर्म ज्याला कृपा म्हणतो, तो हा पाऊस. तंत्र चोख पाळले म्हणून तो पडेलच असे नाही. ‘खटपट तुम्हीच करायची’ या वचनाशेजारी हे चित्र ठेवून पाहा.

(दृश्य : रोम, संत पेत्राच्या चौकात पाऊस.)

या सरमिसळीची काळजी रोमलाही होती. १५ ऑक्टोबर १९८९ रोजी, नेमक्या तेरेसांच्या सणादिवशी, व्हॅटिकनने ख्रिस्ती ध्यानावर एक पत्र काढले. त्यावर सही होती पुढे पोप झालेल्या कार्डिनल रात्झिंगर यांची. पूर्वेकडच्या पद्धती सरसकट टाकून द्या, असे पत्र म्हणत नाही. आसनाने, श्वासाने शरीरात जी ऊब आणि शांती जाणवते, तिलाच पवित्र आत्म्याचे सांत्वन समजू नका, असे बजावते. पुढे १९९८ मध्ये डिमेलो यांच्या लेखनावरही सूचना निघाली. तोवर त्यांना जाऊन अकरा वर्षे झाली होती. आक्षेपाचा गाभा हा, की त्यांच्या नंतरच्या लेखनात देव ‘कोणी’ राहत नाही, तो निराकार पोकळीकडे झुकतो. डिमेलोंच्या गोष्टी वाचून हसलेल्या, चटका बसलेल्या अनेकांना हे रुचले नाही. पण व्हॅटिकनचे बोट कुठे होते ते समजते. समोरचा ‘तू’ गेला, तर प्रार्थना कोणाला करायची?

(दृश्य : वारी. टाळ, पावले, चिखल. आवाज हळूहळू मोठा होतो.)

इथे आमच्याच मांडणीला एक खोडा घालायला हवा. ‘पूर्वेकडचे ध्यान’ हे गाठोडे पश्चिमेने बांधले आहे. आत एकच वस्तू नाही. पतंजलीच्या योगसूत्रांत चित्तवृत्तींचा निरोध आहे, तसे ईश्वरप्रणिधान, म्हणजे ईश्वराला शरण जाणेही आहे. आणि विठोबाशी भांडणारा, रुसणारा, त्याला जाब विचारणारा वारकरी कोणत्या बाजूला टाकायचा? त्याच्यापुढे तर ‘तू’ कमरेवर हात ठेवून उभा आहे. नाम आहे, कृपा आहे, रडणे आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. हा पूल त्यांना अभंगात सापडला, हे मला फार बोलके वाटते.

म्हणजे रेघ पूर्व आणि पश्चिम यांच्यामधून जात नाही. ती महाराष्ट्रातूनच जाते, कधी एकाच घाटातून. अर्थात विठोबा आणि ख्रिस्त एकच, असे यातून निघत नाही. टिळकांनीही पूल ओलांडलाच होता.

(दृश्य : गोव्यातले गाव, संध्याकाळ. इगर्जीची, म्हणजे चर्चची घंटा. घरात देव्हाऱ्यापुढे मेणबत्ती, हातांत माळा.)

गोव्यात संध्याकाळची घंटा झाली, की घराघरांत तेर्स म्हणतात. रोजरीची माळ. दहा-दहा ‘नमो मारिया’, म्हणजे येशूच्या आईची प्रार्थना, असे पाच वेळा. ओठ तेच शब्द पुन्हा पुन्हा घोळवत असतात आणि मनात येशूच्या आयुष्यातला एकेक प्रसंग सरकत असतो. लहान मुले पेंगतात, आजी कोपराने ढोसते. दिसायला हा जपच. आणि शेवटच्या ओळीत विनवणी : आम्हां पाप्यांसाठी विनंती कर, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी.

(दृश्य : पडदा काळा. फक्त श्वासाचा आवाज.)

इग्नातींच्या पुस्तकात प्रार्थनेची एक तिसरी रीत आहे, फारशी कोणी सांगत नाही अशी. प्रभूची प्रार्थना घ्यायची आणि एका श्वासाला एकच शब्द म्हणायचा. पुढचा श्वास येईपर्यंत त्या शब्दावर, किंवा ज्याला तो म्हटला त्याच्यावर, थांबायचे.

हे.

(श्वास)

आमच्या.

(श्वास)

स्वर्गातील.

(श्वास)

पित्या.

(श्वास चालू राहतो. श्रेयनामावली.)