पाचवा कंटेनर

दहावीचा निकाल ऑनलाइन लागतो तो दुपारी १ वाजता. पाच मिनिटं आधीपासूनच घरोघरी मोबाइल हातात घेऊन सगळे बसलेले असतात. अशा वेळी वेबसाइटला जादा कंटेनर, म्हणजे तिच्या ॲप्लिकेशनच्या जादा चालत्या प्रती, आपोआप मिळावेत म्हणून आपण ऑटोस्केलिंग लावतो आणि निर्धास्त होतो. मला आज सांगायचंय ते हे, की ही यंत्रणा लोड आल्यावरच जागी होते, आणि वाढवलेले कंटेनर पुढे कुणाच्या दारात गर्दी करणार आहेत ते ती बघत नाही.

कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीस या प्रणालीतला ऑटोस्केलर साधं त्रैराशिक मांडतो. समजा, ४ कंटेनर चालू आहेत. सरासरी सीपीयू वापर ६० टक्के ठेव, असं आपण सांगितलंय आणि तो ९० वर गेलाय. ४ गुणिले ९० भागिले ६०, उत्तर ६. अपूर्णांक आला तर वरचा पूर्णांक धरायचा. हा हिशेब मूळ सेटिंगनुसार दर १५ सेकंदांनी होतो. हे ६० टक्के कशाचे, ते मात्र नीट बघा. कंटेनरसाठी आपण जेवढा सीपीयू मागून ठेवलाय, त्याचे. तो आकडा कुणीतरी घाईत, दुसऱ्या प्रोजेक्टमधून उचलून टाकलेला असतो. मग पुढचं सगळं गणित चुकतं.

आता वेळ मोजू. वापराचे आकडे गोळा व्हायला काही सेकंद, हिशेबाला काही सेकंद. मग इमेज, म्हणजे ॲप्लिकेशनचं तयार पॅकेज, त्या मशीनवर नसेल तर ती उतरवून घ्यायची, ॲप्लिकेशन सुरू व्हायचं, काम घ्यायला तयार आहे का ही रेडिनेस तपासणी पास व्हायची. जावातलं मोठं ॲप्लिकेशन असलं तर यातच मिनिट सहज जातं. क्लस्टरमध्ये, म्हणजे आपल्या मशीनच्या ताफ्यात, जागाच उरली नसेल तर पॉड (कंटेनर ज्यात चालतो ते कुबरनेटीसचं वेष्टन) पेंडिंग म्हणून ताटकळतो आणि नवी मशीन यायला आणखी काही मिनिटं जातात. तोवर १ वाजता आलेल्या मुलीनं पाच वेळा रिफ्रेश केलेलं असतं, म्हणजे लोड आपणच वाढवून घेतला.

२०१९च्या विश्वचषकात भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना हॉटस्टारवर एका वेळी अडीच कोटींहून जास्त लोक बघत होते. तिथल्या अभियंत्यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं, की तयार ऑटोस्केलिंगवर भिस्त न ठेवता प्रेक्षकसंख्येचे टप्पे आखून त्यांनी क्षमता आधीच वाढवत नेली होती. आपल्याला एवढा पसारा लागत नाही. वेळ ठाऊक असेल तर कंटेनरची किमान संख्या साडेबारालाच वाढवून ठेवा. एक क्रॉनजॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, पुरतो.

डेटाबेसचं दुखणं याहून खोल आहे. तिकीटविक्रीच्या एका साइटवर आमचे ४ कंटेनर होते आणि प्रत्येक जण सुरू होतानाच पोस्टग्रेस या डेटाबेसची २० कनेक्शन उघडायचा, एकूण ८०. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १००, त्यातली ३ सुपरयूजरसाठी, म्हणजे डेटाबेसच्या मुख्य प्रशासकासाठी, राखीव. विक्री सुरू झाली, पाचवा कंटेनर उठला, त्याला १७ मिळाली आणि तो पडला. पुन्हा उठला, पुन्हा पडला. सहाव्याची तीच गत. डॅशबोर्डवर सीपीयू लालभडक, त्यामुळे ऑटोस्केलर आणखी कंटेनर मागतच राहिला. राखीव ३ कनेक्शनमधूनच आम्ही आत शिरलो आणि काय चाललंय ते पाहिलं. नंतर मध्ये थोडी कनेक्शन सगळ्यांत वाटून वापरणारा पीजीबाउन्सर बसवला आणि कंटेनरची कमाल संख्या डेटाबेसला झेपेल तेवढीच ठेवली. ती संख्या लिहिण्याआधी कंटेनर गुणिले कनेक्शन हा गुणाकार कागदावर करा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणि उतरती बाजू. लोड ओसरल्यावर ऑटोस्केलर मूळ सेटिंगनुसार ५ मिनिटं थांबून मग कंटेनर कमी करतो. जाणाऱ्या कंटेनरला आधी थांबण्याचा सिग्नल मिळतो आणि ३० सेकंदांनी तो सरळ मारला जातो. आमच्याकडे बँकेचं उत्तर यायला कधीकधी ४० सेकंद लागत. पैसे कापले गेले, तिकीट नाही, असे फोन येऊ लागले तेव्हा कुठे हे उमगलं. आम्ही ती मुदत ९० सेकंद केली आणि कोडमध्ये लिहिलं, की सिग्नल मिळाला की नवं गिऱ्हाईक घ्यायचं नाही, हातातलं पुरं करायचं, मगच निघायचं.