अंगणातलं पर्सिमॉन

मंडळी, आपल्या रानातली टेंभुर्णी आणि पर्सिमॉन हे नारिंगी फळाचं झाड एकाच कुळातली. हिमाचलात कुल्लूकडे त्याला ‘जापानी फल’ म्हणतात. टेंभुर्णी विदर्भाचा उन्हाळा पचवते. पर्सिमॉनला मात्र सात अंशांखालचे शंभर-दोनशे तास तरी मिळावे लागतात. मुंबई-कोकणात हा नाद करू नये. थंड डोंगराळ भागात किंवा परदेशात तशा हवामानात राहणाऱ्यांनी जरूर लावावं.

जाती मुख्यतः दोन. ‘फुयू’ चपटी, कडक असतानाच खाता येते. ‘हाचिया’ लांबट, पूर्ण मऊ होईपर्यंत तुरट. दोघींनाही परागीभवनाशिवाय फळ धरतं, म्हणून घरापुरतं एक झाड पुरे.

कलम पानगळीच्या काळात लावा. मुळं काळी दिसली म्हणून मेलेली समजू नका, त्यांचा रंगच तो. ती सुकू मात्र देऊ नका. कलमाचा जोड मातीच्या चार बोटं वर ठेवा आणि खड्ड्यात खत घालू नका. वसंतात हे झाड उशिरा फुटतं. नखानं साल खरवडून पाहा. आत हिरवं असेल तर थांबा. जोडाखालून फुटणारे कोंब मात्र लगेच काढा.

आता फळगळ. सगळ्यात जास्त तक्रारी हिच्याच असतात, आणि बऱ्याचदा कारण आपले लाडच! नत्र जास्त झालं की झाड फांद्या वाढवतं, फळं टाकतं. मागच्या वर्षीची फूट वीतभर-दीडवीतच असेल आणि पानं फिकी असतील, तरच हिवाळा संपताना दोन-तीन पाट्या कुजलेलं शेणखत फांद्यांच्या घेराखाली पसरा. फूट हात-दीड हात असेल तर त्या वर्षी काहीच नको. पाण्याची ओढ आणि सावली ही बाकीची कारणं. कोवळं झाड पहिली काही वर्षं फळं टाकतंच, त्याला इलाज नाही.

छाटणीत तर हमखास चूक होते. फळ धरणारी नवी फूट मागच्या वर्षीच्या काडीच्या शेंड्याजवळच्या डोळ्यांतून येते. कुंपणासारखे सगळे शेंडे कातरलेत तर त्या वर्षी फळ विसरा. गर्दीची फांदी बुडापासून काढा, उरलेल्यांचे शेंडे राहू द्या. लाकूड ठिसूळ असतं. लगडलेल्या फांदीवरची फळं विरळ करा किंवा टेकू द्या.

फळ ओढून तोडू नका, कात्रीनं देठ आणि देठाजवळच्या हिरव्या टोपीसकट कापा. हाचिया पिकलेल्या केळ्याबरोबर पिशवीत बंद करून ठेवा. तुरटपणा विरघळणाऱ्या टॅनिन या द्रव्याचा. फळ मऊ होताना ते अविद्राव्य होतं, मग जिभेला लागत नाही. घाईच असेल तर रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून वितळू द्या. कच्चं तुरट फळ रिकाम्या पोटी भरपूर खाणं वाईट, पोटात त्याचा गोळा जमू शकतो.

उरलेली कडक हाचिया सोलून, देठाला दोरी बांधून हवेशीर, कोरड्या जागी टांगा. आठवड्यानं वरचा थर चामट झाला की अधूनमधून हलक्या हातानं दाबत राहा. चार-सहा आठवड्यांत सुकतात. वर येणारी पांढरी भुकटी फळातलीच साखर असते. हिरवट, केसाळ थर दिसला तर ती बुरशी, ते फळ टाकून द्या.