दोन विमानतळांमधलं अंतर मोजताना

उदाहरण म्हणून टोकियोचं नारिता आणि सॅन फ्रान्सिस्को ही जोडी घेऊ. मधे अख्खा प्रशांत महासागर आहे आणि 180 अंशाचं रेखावृत्तही ओलांडावं लागतं, त्यामुळे नेहमीच्या चुका इथे ठळक दिसतात.

पहिली चूक सूत्राच्याही आधी होते. प्रत्येक विमानतळाचा एक अधिकृत संदर्भबिंदू ठरलेला असतो. अंतर त्याच बिंदूपासून मोजायचं. शहराचे अक्षांश-रेखांश घातलेत तर नारिता टोकियोच्या मध्यापासून साधारण 60 किलोमीटर दूर आहे, हे विसरल्यासारखं होईल. नारिता 35.765 उत्तर, 140.386 पूर्व; सॅन फ्रान्सिस्को 37.619 उत्तर, 122.375 पश्चिम. पश्चिम रेखांश ऋण लिहायचा. ते चिन्ह राहिलं की उत्तर येतं सुमारे 1,600 किलोमीटर! अंश-मिनिटांचीही अशीच गफलत होते: 35 अंश 46 मिनिटं म्हणजे 35.46 नव्हे, 35.77. एवढ्यानं बिंदू 34 किलोमीटर सरकतो.

आता हॅवरसाइन सूत्र, म्हणजे गोलावरच्या दोन बिंदूंमधलं अंतर काढायचं सूत्र. अक्षांशांमधला फरक निम्मा करून त्याच्या साइनचा वर्ग घ्या. रेखांशांच्या फरकाचंही तसंच करा, पण तो वर्ग दोन्ही अक्षांशांच्या कोसाइननी गुणा. दोहोंची बेरीज, तिचं वर्गमूळ, त्याचा व्यस्त साइन, आणि त्याची दुप्पट. आपल्या जोडीसाठी कोन येतो 73.99 अंश, म्हणजे 1.2914 रेडियन. पृथ्वीची सरासरी त्रिज्या 6,371 किलोमीटर; गुणाकार 8,227. स्प्रेडशीटमधला साइन रेडियन मागतो. अंश दिलेत तरी तो तक्रार न करता भलताच आकडा देतो. म्हणून पडताळा घ्याच: कोनाला 60 नं गुणलं की नॉटिकल मैल मिळतात, इथे सुमारे 4,439. एक नॉटिकल मैल 1,852 मीटरचा, म्हणजे 8,222 किलोमीटर. जुळलं.

मर्केटर नकाशावर (ज्यात अक्षांश-रेखांशांच्या रेघा सरळ आणि काटकोनात असतात) पट्टी ठेवून सरळ रेघ मारलीत तर तोच प्रवास सुमारे 445 किलोमीटरनं लांबतो. सर्वांत जवळची वाट बृहद्वृत्ताची, म्हणजे पृथ्वीचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळाची, आणि ती मधे 48 अंश उत्तरेपर्यंत चढते.

पृथ्वी मात्र पूर्ण गोल नाही. विषुववृत्तीय त्रिज्या 6,378.137 आणि ध्रुवीय 6,356.752 किलोमीटर, त्यामुळे गोल मानून केलेल्या हिशेबात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. तेवढा चालत नसेल तर डब्ल्यूजीएस 84 या प्रमाणित विवृत्ताभावर (ध्रुवांशी किंचित चपट्या गोलावर) व्हिन्सेंटीची 1975 सालची रीत वापरा. दोन ठिकाणं पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकांना असली की ती अडकते. तिथे कार्नीची 2013 ची रीत घ्यावी.

इंधनासाठी यातला कुठलाच आकडा पुरत नाही. 11 किलोमीटर उंचीवरून तीच वाट सुमारे 14 किलोमीटरनं वाढते, ही बाब किरकोळ. खरा फरक वारा पाडतो. सॅन फ्रान्सिस्कोहून नारिताला जाताना हवेतला वेग ताशी 900 आणि समोरचा वारा 100 धरला, तर जमिनीवरचे 8,227 किलोमीटर कापायला 10 तास 17 मिनिटं लागतात, आणि तेवढ्या वेळात विमान हवेतून सुमारे 9,255 किलोमीटर कापतं. इंधनाचा हिशेब या अंतरावर होतो.