अंदमान १९४२-१९४५ : नावापुरता कारभार

सावरकर बंधूंमुळे मराठी माणसाला अंदमान परका नाही. मात्र ते १९२१ साली तिथून परतल्यानंतर दोन दशकांनी त्याच बेटांवर जे घडले, ते आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते.

चीफ कमिशनरच्या अखत्यारीतील हा छोटा प्रांत २३ मार्च १९४२ रोजी जपानी फौजेने जवळजवळ विनासायास घेतला, कारण रंगून पडल्यावर ब्रिटिशांनी आपली शिबंदी आधीच काढून नेली होती. घरांत घुसणाऱ्या सैनिकांवर झुल्फिकार अली या तरुणाने छऱ्यांची बंदूक झाडली, तेव्हा त्याला सर्वांसमक्ष हालहाल करून मारण्यात आले.

पुढे जपान्यांची रसद वाहणारी जहाजे बुडू लागली. जानेवारी १९४३ मध्ये पाणबुडीतून उतरलेली मेजर मॅकार्थी यांची ब्रिटिश हेर-तुकडी त्यांच्या हाती लागली नाही. हाती होते ते बेटावरचे रहिवासी, आणि हेरगिरीचा आळ त्यांच्यावरच आला. सेल्युलर जेल पुन्हा भरला. त्यात इंडियन इंडिपेंडन्स लीग या भारताच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या परदेशस्थ भारतीयांच्या संघटनेचे स्थानिक प्रमुख आणि पंजाबी कवी डॉ. दिवाणसिंग हेही होते.

३० डिसेंबर १९४३ रोजी सुभाषबाबूंनी पोर्ट ब्लेअरच्या जिमखाना मैदानावर तिरंगा फडकवला, त्या दिवशी दिवाणसिंग त्याच गावातल्या कोठडीत छळ सोसत होते. १४ जानेवारी १९४४ रोजी दिवाणसिंग यांचा मृत्यू झाला. ३० जानेवारीला पोर्ट ब्लेअरजवळच्या हम्फ्रीगंज येथे ४४ जणांना गोळ्या घालण्यात आल्या. बेटांचा कारभार तेव्हा नावापुरता सुभाषबाबूंच्या आझाद हिंद सरकारकडे दिलेला होता; तरीही यासाठी त्यांना सरसकट दोषी धरणे अन्यायाचे ठरेल, कारण त्यांच्याभोवती जपानी अधिकाऱ्यांचा सतत गराडा होता आणि कैद्यांची गाऱ्हाणी त्यांच्यापर्यंत पोहोचू दिली गेली नाहीत. त्यांनी बेटांचे प्रशासक म्हणून नेमलेले कर्नल लोगनाथन यांच्याकडे प्रत्यक्षात शिक्षण खाते तेवढे आले; पोलीस आणि तुरुंग जपानी आरमाराने सोडलेच नाहीत.

अखेरच्या वर्षी समुद्रमार्ग तुटले आणि अन्नान्नदशा झाली. ऑगस्ट १९४५ मध्ये, शरणागती तोंडावर आलेली असताना, शेतीच्या नावाखाली शेकडो लोकांना बोटींत भरून हॅवलॉक बेटाजवळ रात्री समुद्रात ढकलण्यात आले. पोहून किनारा गाठलेल्यांपैकीही बहुतेक जण तिथे उपासमारीने मेले. ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश परतले, जपान्यांनी शस्त्रे खाली ठेवली आणि या बेटांवरील अत्याचारांचे खटले सिंगापुरात उभे राहिले.