धाकटीची झोप, थोरलीचा किल्ला

नमस्कार श्रोतेहो.

घरात सुट्टीचा विषय निघाला की पहिली चर्चा होते ती ठिकाणाची. चिखलदरा की पचमढी, ताडोबा की थेट कोकण. मुलं बरोबरीच्या वयाची असतील तर तिथून सुरुवात केली तरी फारसं बिघडत नाही. पण एक साडेतीन वर्षांचं, एक नऊ वर्षांचं आणि एक नुकतंच दहावीत गेलेलं, अशी तीन वयं एकाच गाडीत बसणार असतील तर ठिकाण थोडं बाजूला ठेवा. आधी वहीत एक ओळ लिहा. धाकटं लेकरू दुपारी किती वाजता झोपतं आणि किती वेळ झोपतं?

एक ते तीन, असं उत्तर असेल तर तुमच्या सहलीच्या प्रत्येक दिवसाचे एक ते तीन हे दोन तास गेले. ते गाडीत नाही, कडेवर नाही, पलंगावर गेले पाहिजेत. पुन्हा सांगते, धाकट्याची झोप आधी, बाकीचा दिवस तिच्या भोवती.

आता तारखांचं. आपल्या विदर्भात उन्हामुळे राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात. पुण्या-मुंबईकडच्या शाळा मध्यावरच सुरू होतात. म्हणजे जूनचा दुसरा पंधरवडा हा आपल्याच वाट्याला आलेला. तेव्हा गर्दी ओसरलेली असते, हॉटेलचे दर उतरलेले असतात आणि सातपुड्यात पहिला पाऊस पडायला लागलेला असतो. लहान मुलं घेऊन मेच्या मध्यावर नागपुरातून दुपारी बाराला निघणारी गाडी पाहिली की मला खरोखर वाईट वाटतं. त्या उन्हात गाडीचा एसीसुद्धा मागच्या सीटपर्यंत पोहोचत नाही. निघायचं तर पहाटे पाचला, आणि अकराच्या आत मुक्कामी.

इथे एक मनातलं सांगते. नागपूर ते छिंदवाडा ही रेल्वेची छोटी लाईन, म्हणजे नॅरोगेज, २०१५ साली बंद झाली आणि तिथे मोठी लाईन आली. मोठी लाईन हवीच होती, सौंसर-रामाकोनाच्या लोकांची ती गरज होती. पण घाटातला दहा-पंधरा किलोमीटरचा एखादा तुकडा मुलांसाठी राखायला हवा होता, असं मला आजही वाटतं. तीन वर्षांचं मूल आणि पंधरा वर्षांचं मूल एकाच खिडकीत आनंदानं बसतील अशी वाहनं फार थोडी असतात, त्यातलं ते एक होतं. आता निदान मोतीबागेतलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय तरी मुलांना दाखवा.

तर आता ती गोष्ट. सहलीबद्दल कुणी विचारलं की मी हीच सांगते, कारण काय चुकतं आणि का चुकतं ते सगळं तिच्यात आहे.

त्रिमूर्ती नगराकडचं एक कुटुंब. आई, बाबा, आजी आणि तीन मुलं. थोरली पंधरा वर्षांची, मधला नऊचा, धाकटी साडेतीनची. चिखलदरा ठरलं, दोन रात्रींचा मुक्काम. नागपूरहून साधारण सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटर, कोंढाळी, तळेगाव, तिवसा, अमरावती आणि पुढे परतवाडा. बाबांनी आठवडाभर खपून कागद केला होता. पहिल्याच दिवशी देवी पॉइंट, भीमकुंड, पंचबोल, हरिकेन पॉइंट, शक्कर तलाव, दुसऱ्या दिवशी गाविलगड, वैराट आणि वेळ उरला तर सेमाडोह. प्रत्येकासमोर वेळ लिहिलेली. हौस मोठी होती, त्यात खोट काहीच नव्हती.

गाडी सात जणांची. बाबा चालवायला, आई शेजारी. मधल्या रांगेत आजी आणि तिच्या मांडीवर धाकटी. अगदी मागच्या रांगेत थोरली आणि मधला. इथेच दोन गोष्टी चुकल्या. एक, मांडीवरचं मूल. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा त्याच्या मापाची सीट हवी, असं २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायदाच सांगतो, आणि न लावल्यास हजार रुपये दंड आहे. पण दंडाचं सोडा. जोरात ब्रेक लागला तर मांडीवरचं लेकरू कुणाच्याही हातांनी धरवत नाही. दुसरी गोष्ट, मधला मागच्या रांगेत. ती रांग मागच्या चाकांच्या वर येते, तिथे हेलकावा सगळ्यांत जास्त. समोरचा रस्ता दिसत नाही. त्यात त्याच्या हातात मोबाईल.

परतवाड्याला सगळ्यांनी गरम समोसे खाल्ले, वर चहा-दूध झालं, आणि लगेच घाट लागला. पाचव्या-सहाव्या वळणाला मधल्यानं "आई" एवढंच म्हटलं, आणि झालं. डोळे मोबाईलवर स्थिर होते आणि कानाच्या आतला, तोल सांभाळणारा भाग मात्र प्रत्येक वळण टिपत होता. या दोघांचं जुळलं नाही की पोट उलटतं. साधारण दोन ते बारा या वयात हा त्रास सर्वांत जास्त. गाडीत पिशवी नव्हती, जुना टॉवेल नव्हता, पाण्याची एकच बाटली. धुणं-पुसणं, कपडे बदलणं यात पाऊण तास गेला.

वर पोहोचेपर्यंत साडेबारा झाले. धाकटी नेमकी शेवटच्या वळणांवर झोपली आणि देवी पॉइंटला गाडी थांबताच जागी केली गेली. पुढे पंचबोलला जाताना पुन्हा डोळा लागला, पुन्हा उठवलं. दोनदा मोडलेली झोप घेऊन ते लेकरू चार वाजता रस्त्यात लोळून रडलं, आणि कुणाच्याच आवाक्यात राहिलं नाही. थोरलीनं कानात इयरफोन घातले ते रात्रीपर्यंत काढले नाहीत. मधला दर पाच मिनिटांनी विचारत होता, अजून किती राहिलं? बाबांचा आवाज चढला. आई गप्प झाली. कागदावरची पाचही ठिकाणं मात्र झाली होती.

रात्री जेवणं उरकल्यावर आजीनं तो कागद मागून घेतला. चष्मा लावला, पेन घेतलं आणि म्हणाली, "हे पाहाले आलो का आपण, का लेकरं फिरवाले?" आणि दुसऱ्या दिवसाची सगळी यादी खोडून फक्त दोन नावं लिहिली. गाविलगड, आणि घाईत उरकलेलं भीमकुंड पुन्हा. मग तिनं मुलांना एकेक करून विचारलं, तुला उद्या काय एक पाहिजे? एकच सांगायचं. थोरली म्हणाली, किल्ला, पण घाई न करता. मधला म्हणाला, रस्ता मी सांगणार. धाकटी म्हणाली, दगड. तिला पाण्यात दगड टाकायचे होते.

दुसरा दिवस असा गेला. सकाळी साडेसहाला बाबा आणि थोरली, दोघंच, गाविलगडावर. दोन पाण्याच्या बाटल्या, फल्लीदाणे आणि गूळ. धाकटी आणि मधला खोलीवर निवांत उठले. या वेळेमुळे दोन्ही बाजूंचं काम झालं. किल्ल्याच्या तुटक्या पायऱ्या आणि माजलेलं गवत साडेतीन वर्षांच्या मुलासाठी नाहीच, आणि पंधरा वर्षांच्या मुलीला दोन तास बाप एकटा मिळाला. डिसेंबर १८०३ मध्ये वेलस्लीच्या फौजेनं तोफांनी तटाला भगदाड पाडून हा किल्ला घेतला, ते तिनं शाळेच्या प्रकल्पासाठी वाचलं होतं. दिल्ली दरवाजापाशी उभं राहून सगळी लढाई तिनं बाबांना समजावून सांगितली. इयरफोन खोलीवरच राहिले होते.

साडेनऊला सगळ्यांचा एकत्र नाश्ता. दहाला भीमकुंड. मधल्याच्या हातात कागदाचा नकाशा, आणि गाडीतला किलोमीटरचा आकडा वाचून वळण सांगायचं काम त्याच्याकडे. कठड्यापाशी आजीनं कीचकाची गोष्ट सांगितली. भीमानं कीचकाला मारून दरीत टाकला आणि त्या कुंडात हात धुतले, अशी तिथली आख्यायिका आहे. धाकटीला कीचक राक्षस वाटला, मधल्यानं दरी किती खोल ते विचारलं, थोरलीनं महाभारतातला विराटनगरीचा भाग काढला. एकाच गोष्टीतून तिन्ही वयांनी आपापलं उचललं. त्यासाठी आधी गोष्ट हवी आणि सांगणारं माणूस हवं. नुसता पॉइंट दाखवून मुलांच्या हाती काही लागत नाही. आणि जाता जाता बोलते, अशा ठिकाणी मोठे स्पीकर लावणाऱ्यांना वन विभागानं आणि नगरपालिकेनं मुळीच मोकळीक देऊ नये. दरीत वारा असतो, पाण्याचा आवाज असतो, तो मुलांच्या कानी पडू द्या.

साडेबाराला जेवण. वरण, भात, पोळी, साधी भाजी. एक ते तीन धाकटी आणि आजी झोपल्या. आजीलाही ती झोप हवीच होती, हे आदल्या दिवशी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्या दोन तासांत आई मधल्याला घेऊन पायी निघाली आणि त्याला कॉफीची झाडं दाखवून आणली. मधल्या मुलाला आईबाप एकटे फार क्वचित मिळतात, श्रोतेहो. त्याच्यासाठी हे दोन तास वेगळे काढा. संध्याकाळी पाचला, धाकटीच्या मागणीसाठी, सगळे शक्कर तलावाच्या काठी. धाकटीनं अर्धा तास दगड टाकले. कुणी तिला उठवलं नाही.

परतीच्या दिवशी बसण्याची व्यवस्था बदलली. आजी पुढे. मधल्या रांगेत एका खिडकीशी धाकटी, आदल्या दिवशी फोन करून अमरावतीच्या नातेवाइकांकडून मागवलेल्या तिच्या सीटमध्ये, दुसऱ्या खिडकीशी आई, आणि मधोमध मधला, पट्टा लावून, समोरची काच दिसेल असा. थोरली मागे, कारण तिला गाडी लागत नाही. घाट उतरण्याआधी तासभर कुणी काही तेलकट खाल्लं नाही, मधल्याला नुसते मुरमुरे. मोबाईल आईच्या पर्समध्ये. दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं गाडी थांबवून मोकळी हवा. परतवाडा आलं तेव्हा मधल्यानं विचारलं, "घाट संपला?"

ही गोष्ट इथवर. यातलं लक्षात ठेवायचं ते पुन्हा सांगते. दिवसाला दोनच ठिकाणं. प्रत्येक मुलाची एक मागणी. एक ते तीन झोप. आणि गाडी लागणारं मूल मागच्या रांगेत नाही.

आता थोडक्यात बाकीचं. रेल्वेनं जाणार असाल तर पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांखालच्या मुलाचं स्वतंत्र बर्थ न घेता अर्धं तिकीट निघतं, बर्थ घेतला तर पूर्ण. रात्रीच्या प्रवासात आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा बर्थ वाचवू नका. रात्रभर कुणीच झोपत नाही आणि सहलीचा पहिला दिवस वाया जातो. आजीला खालचा बर्थ हवा तर तिचं तिकीट वेगळं काढा. खालच्या बर्थचा जो कोटा आहे, तो पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया आणि साठ वर्षांवरील पुरुष यांना एकट्यानं किंवा नियमात बसणाऱ्या दोघांनी मिळून प्रवास करताना मिळतो. सहा जणांच्या एका तिकिटात आजीचं नाव घातलं की तो हक्क जातो.

जंगल सफारी करायची तर जिप्सीत सहा पर्यटक बसतात, आणि सफारी तीन-चार तासांची असते. मध्ये हवं तेव्हा खाली उतरता येत नाही. तीन वर्षांच्या मुलाला तेवढा वेळ गप्प बसवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. मोठी दोघं एका पालकाबरोबर ताडोब्याला किंवा पेंचला पाठवा, धाकट्याला इथेच नागपुरात गोरेवाडा प्राणिसंग्रहालयाच्या बसमधून प्राणी दाखवा. ताडोबा मंगळवारी बंद असतं, पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद असतं, आणि नोंदणीत ज्या ओळखपत्राचा क्रमांक दिला तेच मूळ ओळखपत्र गेटवर लागतं.

औषधांची पिशवी हातातल्या बॅगेत ठेवा, डिकीत नाही. ओआरएसची चार पाकिटं. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकाच वेळी मिसळायचं आणि चोवीस तासांत संपवायचं. पेल्यात अंदाजानं चिमूटभर टाकू नका, मीठ-साखरेचं प्रमाण बिघडतं आणि फायद्याऐवजी त्रास होतो. छोटं पाकीट असेल तर त्यावर लिहिलेलं पाण्याचं माप वाचा. तापाचं औषध मुलाच्या वजनावर ठरतं, म्हणून तिन्ही मुलांची मात्रा तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणा. गाडी लागण्याचं औषधही त्यांनाच विचारून, आणि घाटाच्या आधी, घाटात नाही. धाकट्याचे दिवसाला दोन जोड जास्तीचे, बांधता येतील अशा पिशव्या, एक जुना टॉवेल.

आणि शेवटचं, थोरल्या मुलांसाठी. रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडतं. त्या सकाळी पंधरा वर्षांच्या मुलाला शेजारी बसवा. गाडी त्याला शोधू द्या, खर्चाचा आकडा त्याला खराखरा सांगा, आणि एका दिवसाच्या जेवणाचे पैसे आणि हिशेब त्याच्याकडे सोपवा. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात निघायचं असेल तर ती सकाळ एप्रिलच्या उत्तरार्धात येते. कॅलेंडरवर आजच खूण करून ठेवा.

नमस्कार.