मुरलेला शिक्षक, नवी शाळा

शिक्षकमित्रहो, आणि ज्यांच्या शाळेत असे शिक्षक रुजू होतात ते मुख्याध्यापकहो,

पंचवीस-तीस वर्षे एकाच शाळेत काढलेला शिक्षक पन्नाशीनंतर दुसऱ्या शाळेत रुजू होतो, तेव्हा त्याच्याबद्दलच्या दोन समजुती तो येण्याआधीच तयार असतात. नव्या शाळेला वाटते की अनुभवी माणूस मिळाला, याला काही सांगावे लागणार नाही. खुद्द शिक्षकाला वाटते की वर्ग म्हणजे वर्ग, मुले इथून तिथून सारखीच. या दोन्ही समजुती एकमेकींना बळ देतात आणि त्या शिक्षकाचे पहिले वर्ष नको तितके अवघड करून ठेवतात. मला आज जे मांडायचे आहे ते असे की शिक्षकाचा अनुभव सगळाच्या सगळा त्याच्या अंगी नसतो. त्यातला मोठा हिस्सा त्या शाळेच्या भिंतींमध्ये, तिथल्या मुलांच्या आणि सहकाऱ्यांच्या ओळखीत मुरलेला असतो, आणि शाळा सोडताना तो हिस्सा तिथेच राहतो. कोणता भाग सोबत आला आणि कोणता मागे राहिला, हे शिक्षकाने आणि शाळेने मिळून वेळीच ओळखले, तर सेवेच्या उत्तरार्धातला हा बदल दोघांच्याही फायद्याचा ठरू शकतो.

डेव्हिड बर्लिनर या शिक्षणमानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात अमेरिकेतील ॲरिझोनामध्ये निष्णात शिक्षकांचा अभ्यास केला. त्यातला एक प्रयोग आपल्या विषयाच्या अगदी जवळचा आहे. निष्णात शिक्षकांना आणि नवख्या शिक्षकांना तयारीसाठी थोडासा वेळ देऊन, पूर्वी कधीही न पाहिलेल्या मुलांच्या गटाला संभाव्यतेचा पाठ शिकवायला सांगितले गेले. नवख्यांना हा अनुभव आवडला. निष्णात शिक्षक मात्र अस्वस्थ झाले, चिडले. आपल्याला नीट तयारी करू दिली नाही आणि मुलांची काहीच माहिती दिली नाही, अशी त्यांची तक्रार होती. हे त्यांच्या अहंकाराचे लक्षण होते असे मला मुळीच वाटत नाही. चांगला पाठ म्हणजे काय हे त्यांना माहीत होते, म्हणूनच आपण देत असलेला पाठ त्या तोडीचा नाही हेही त्यांनाच कळत होते. नवख्याला ते कळण्याइतकी दृष्टी अजून आलेली नव्हती. उशिरा शाळा बदलणाऱ्या शिक्षकाला पहिल्या काही महिन्यांत जी विलक्षण बेचैनी जाणवते, तिचे मूळ मला इथे दिसते. तो वाईट शिक्षक झालेला नसतो. स्वतःचे मोजमाप तो जुन्या, उंच पट्टीने करत असतो आणि त्या उंचीवर पोहोचवणारी निम्मी साधने त्याच्या हाताशी नसतात.

ही साधने कोणती, हे जरा सविस्तर पाहू, कारण ती हातात असताना दिसत नाहीत. जुन्या शाळेत हा शिक्षक वर्गात पाऊल टाकायच्या आधीच त्याची कीर्ती तिथे पोहोचलेली असते. मुलांनी त्याच्याबद्दल थोरल्या भावंडांकडून ऐकलेले असते; तो कशाला रागावतो, कशाला हसतो, गृहपाठ खरोखर तपासतो की नाही, हे त्यांना ठाऊक असते. वर्गावरच्या नियंत्रणाचा केवढा तरी भाग या पूर्वकीर्तीवर चालतो आणि शिक्षक त्याचे सारे श्रेय आपल्या आवाजाला किंवा नजरेला देत असतो. नव्या शाळेत ही कीर्ती शून्यावर येते. तीच नजर, तोच आवाज, तीच क्षणभर थांबण्याची लकब, पण समोरच्या मुलांना तिचा अर्थच माहीत नसतो.

जेकब कुनिन यांनी वर्गांच्या चित्रफिती बारकाईने पाहून १९७० मध्ये जे मांडले ते इथे उपयोगी पडते. मुलाने खोडी केल्यावर शिक्षक त्याला कसे दटावतो, यावरून शांत वर्ग आणि विस्कळीत वर्ग यांतला फरक त्यांना सांगता येईना. फरक पडत होता तो वेगळ्याच गोष्टींनी: वर्गात कुठे काय चालले आहे हे शिक्षकाला कळते आहे अशी मुलांची खात्री, एकाच वेळी दोन गोष्टींकडे लक्ष देण्याची त्याची हातोटी आणि पाठाचा न अडखळणारा वेग. यातली पहिली गोष्ट, म्हणजे मुलांची खात्री, नव्या जागी नव्यानेच कमवावी लागते; ज्येष्ठतेच्या दाखल्यावर ती मिळत नाही. आणि ती कमवायची तर कोणता मुलगा मागच्या बाकावर का बसतो, कोणत्या दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या आहेत, कोणाला फळ्यावरचे दिसत नाही पण सांगायला लाज वाटते, हे कळायला लागते. तीस वर्षांचा अनुभव असलेल्या शिक्षकाला हे नवख्यापेक्षा लवकर कळेल हे खरे, पण विचारपूस न करता कळणार नाही.

मागे राहणारी दुसरी मोठी गोष्ट म्हणजे सहकाऱ्यांची घडी. आपल्याआधी त्या वर्गाला कोणी शिकवले आणि ते कोणत्या पद्धतीने, हे माहीत असल्यामुळे जुन्या शाळेतला शिक्षक आपला पाठ नेमक्या जागेवरून उचलतो. बदलीच्या तासाला कोण धावून येईल, कोणत्या पालकाशी कोणत्या शब्दांत बोलावे, साहित्याच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते, हे तो कोणाला विचारत नाही. बारीकसारीक वाटणाऱ्या या गोष्टी रोज डोक्यातली जागा अडवू लागल्या की शिकवण्यासाठी उरणारे लक्ष कमी पडते आणि दिवस संपताना आलेला थकवा वयाच्या खाती टाकला जातो. माझ्या मते बहुतेक वेळा तो वयाचा नसतो, नवखेपणाचा असतो. या दोहोंत गल्लत झाली की चांगला शिक्षक उगाचच निवृत्तीचे दिवस मोजू लागतो.

यात आणखी एक भर पडते, आणि ती टाळता येण्याजोगी असते. नवीन आलेल्या शिक्षकाला पुष्कळदा कोणालाही नको असलेले वर्ग दिले जातात, कधी कधी तर त्याने पूर्वी न शिकवलेली इयत्ता दिली जाते. अर्थशास्त्रज्ञ बेन ऑस्ट यांनी नॉर्थ कॅरोलायना राज्यातील शिक्षकांच्या नोंदी तपासून २०१४ मध्ये दाखवून दिले की शिकवण्याचा एकूण अनुभव जसा उपयोगी पडतो, तसाच त्याच इयत्तेला शिकवण्याचा अनुभवही स्वतंत्रपणे उपयोगी पडतो. तेव्हा शाळाही नवी आणि इयत्ताही नवी असे दुहेरी ओझे एकाच वर्षी ज्येष्ठ शिक्षकावर टाकणे म्हणजे ज्या गुणासाठी त्याला घेतले त्याच गुणावर पाणी सोडणे होय. मुख्याध्यापकांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की पहिल्या वर्षी तरी त्याला त्याच्या ओळखीची इयत्ता द्यावी.

आता सोबत काय येते ते पाहू. हा भाग शिक्षकांनी स्वतःशी स्पष्ट करून घेतला पाहिजे, कारण बेचैनीच्या दिवसांत आधार त्याचाच असतो. ली शुलमन यांनी १९८६ मध्ये एका विशिष्ट ज्ञानाकडे लक्ष वेधले, ज्याला विषयाचे ज्ञान म्हणता येत नाही आणि नुसती अध्यापनाची पद्धतही म्हणता येत नाही. हा विषय शिकताना मुले नेमकी कुठे अडतात आणि का अडतात, याचे ते ज्ञान आहे. ०.३५ आणि ०.४ यांतली मोठी संख्या कोणती, असे विचारल्यावर कितीतरी मुले ०.३५ म्हणतात, कारण पस्तीस हे चारपेक्षा मोठे आहेत. गणिताच्या पदवीधराला योग्य उत्तर माहीत असते. मुरलेल्या शिक्षकाला हे चुकीचे उत्तर येणार हे आधीच माहीत असते, ते कोणत्या विचारातून येते हेही माहीत असते आणि पुढचा प्रश्न कोणता विचारला म्हणजे मुलाला स्वतःहून आपली चूक दिसेल हेसुद्धा माहीत असते. हे ज्ञान कोणत्याही एका शाळेच्या मालकीचे नसते. मुलांची नावे बदलतात, अडण्याच्या जागा बऱ्याच अंशी त्याच राहतात. म्हणून जुन्या टाचणवह्या नव्या शाळेत जशाच्या तशा वापरण्यापेक्षा, त्यांच्या समासात इतक्या वर्षांत टिपलेल्या मुलांच्या चुका वेगळ्या काढून सोबत न्याव्यात असे मी नेहमी सुचवते. पाठाची आखणी तिथल्या मुलांना पाहून करावी लागेल. चुकांचा हा संग्रह मात्र पहिल्या दिवसापासून कामाला येतो.

शिक्षकखोलीबद्दल थोडेच बोलते, कारण त्यातले बरेच आपण सारे जाणतो. ‘आमच्या शाळेत आम्ही असे करायचो’ हे वाक्य कितीही सद्भावनेने उच्चारले तरी पहिल्या सत्रात ऐकणाऱ्याला ते दोष काढल्यासारखेच वाटते. तेच म्हणणे प्रश्नाच्या रूपाने आले, म्हणजे ‘तुम्ही हे कसे करता?’ असे विचारले, तर उत्तरातून शाळाही कळते आणि पुढे कधीतरी आपली पद्धत सांगायला वाव मिळतो. मुख्याध्यापक वयाने लहान असतील तर अडचण दोन्ही बाजूंनी असते: त्यांना सूचना द्यायला संकोच वाटतो आणि शिक्षकाला मदत मागायला. या संकोचामुळे ज्येष्ठ शिक्षक एकटा पडतो, आणि हे एकटेपण मला या साऱ्या विषयातली सर्वांत गंभीर गोष्ट वाटते.

त्याची गंभीरता सांगायला आधार आहे. मॅथ्यू क्राफ्ट आणि जॉन पापे यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की सहकार्य, व्यवस्था आणि नेतृत्व यांबाबत वरच्या चौथाईच्या उंबरठ्यावर असलेल्या शाळेतील शिक्षकांची दहा वर्षांतली सुधारणा, खालच्या चौथाईच्या उंबरठ्यावरील शाळेतल्या शिक्षकांपेक्षा ३८ टक्क्यांनी अधिक होती. इंग्लंडमध्ये क्रिस्टोफर डे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०० शाळांतील ३०० शिक्षकांचा काही वर्षे मागोवा घेतला. त्यातही सेवेच्या अखेरच्या टप्प्यांतील शिक्षकांची उमेद टिकण्यात शाळेतून मिळणाऱ्या पाठबळाचा वाटा महत्त्वाचा दिसला. तरीही आपण आधाराची आणि मार्गदर्शनाची सारी व्यवस्था नव्याने नोकरीला लागलेल्या तरुणांसाठी करतो आणि पन्नाशीच्या शिक्षकाच्या हातात वेळापत्रक देऊन मोकळे होतो.

जपानमध्ये सरकारी शाळांतील शिक्षकांना काही वर्षांनी दुसऱ्या शाळेत पाठवण्याचा प्रघात आहे, त्यामुळे तिथे अनुभवी माणूस नव्या शाळेत येणे ही नेहमीची गोष्ट समजली जाते. तिथल्या शिक्षकखोलीत एका इयत्तेला शिकवणाऱ्या शिक्षकांची टेबले साधारणपणे एकत्र मांडलेली असतात. नवा आलेला शिक्षक पहिल्याच दिवशी त्या गटात जाऊन बसतो आणि विचारायला वेगळे निमित्त शोधावे लागत नाही. एकमेकांचे पाठ पाहून त्यांवर चर्चा करण्याची परंपराही तिथे जुनी आहे. तिच्यात ज्येष्ठाचा पाठ पाहिला जातो तसा ज्येष्ठही इतरांचा पाठ पाहतो. अशी सोय करायला पैसा लागत नाही, टेबले हलवावी लागतात आणि वेळापत्रकात एक सामाईक मोकळा तास ठेवावा लागतो.

मी अडचणींवर इतका वेळ घालवला, पण या वयात शाळा बदलू नये असे मात्र मला म्हणायचे नाही. अर्थशास्त्रज्ञ किराबो जॅक्सन यांनी नॉर्थ कॅरोलायनातील नोंदींवरून २०१३ मध्ये दाखवले की शाळा बदलल्यानंतर शिक्षकांची परिणामकारकता सरासरीने वाढते, आणि शिक्षक व शाळा यांचे जुळणे हा त्याच्या यशातला फार मोठा घटक आहे. एखादा शिक्षक एका शाळेत कोमेजतो आणि दुसरीत फुलतो, हे आपण डोळ्यांनी पाहिलेले असते. इथे ते आकड्यांतून दिसले. स्वित्झर्लंडमध्ये मायकेल ह्युबरमन यांनी जिनिव्हा आणि व्हो या प्रांतांतील १६० माध्यमिक शिक्षकांच्या दीर्घ मुलाखती घेतल्या. सेवेच्या शेवटी समाधानी असलेले शिक्षक पुष्कळदा असे होते की ज्यांनी आपल्या वर्गात सतत लहान लहान प्रयोग चालू ठेवले आणि साचलेपण जाणवू लागताच काम किंवा इयत्ता बदलून घेतली. मला यातून बदलाची वेळ ओळखण्याची एक खूण मिळते. पुढच्या वर्षीचा पाठ कसा असेल हे न पाहता सांगता येऊ लागले आणि त्याचे वाईटही वाटेनासे झाले, तर नव्या शाळेचा विचार जरूर करावा. केवळ एखाद्या सहकाऱ्याशी पटत नाही म्हणून मात्र इतके सारे मागे टाकून जाऊ नये.

निवृत्तीला तीन-चार वर्षेच उरली असतील तर काय, असा प्रश्न मला व्याख्यानाआधी इथल्याच एका शिक्षिकेने विचारला. पहिले वर्ष ओळखीत जाणार हे गृहीत धरून उरलेल्या वर्षांत काय करायचे आहे, याचे उत्तर मनाशी तयार असेल तर जावे, असे मी त्यांना म्हटले. ते उत्तर मोठे असण्याची गरज नाही. एका तरुण सहकाऱ्यासोबत दोन वर्षे एक इयत्ता मिळून शिकवायची, इतके ठरलेले असले तरी पुरे. तरुणाला त्या चुकांच्या संग्रहाचा लाभ होतो आणि ज्येष्ठाला त्या शाळेची मुले लवकर कळतात.

आणि मुख्याध्यापकांना एक शेवटची विनंती. पहिले सत्र संपताना या शिक्षकाला बोलावून घ्या आणि आमच्या शाळेत तुम्हाला काय खटकले, काय आवडले, हे मोकळेपणाने विचारा. उत्तर ऐकताना खुलासे देऊ नका, ते लिहून घ्या. अनेक वर्षे दुसरी शाळा आतून पाहिलेला माणूस तुमच्याकडे पाहुण्याच्या नजरेने पाहतो आहे, ही संधी फार काळ राहत नाही. वर्षभरात तो तुमच्यातलाच होऊन जाईल आणि आज त्याला जे दिसते ते त्यालाही दिसेनासे होईल, म्हणून या भेटीची तारीख तो रुजू होईल त्याच दिवशी नोंदवून ठेवा.