एप्रिलची काडी, ऑक्टोबरचा घड

पडद्यावर दिसते आहे ती पिंपळगाव बसवंतची द्राक्षबाग. एप्रिल छाटणीनंतरच्या पहिल्या दोनेक महिन्यांत काडीवरच्या डोळ्यांत सूक्ष्म घड तयार होतात, पण ते नजरेला पडतात ऑक्टोबर छाटणीनंतर. कोणत्या डोळ्यातून घड निघणार आणि कोणत्यातून नुसती फूट, हे तोवर बहुतांशी ठरून गेलेले असते. हृदयविकाराचेही काहीसे असेच असते, हे वैद्यकाला मात्र उशिरा उमगले.

1944-45 च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे पश्चिम नेदरलँड्समध्ये उपासमार झाली. त्या काळात गर्भावस्थेच्या सुरुवातीच्या महिन्यांत असलेल्यांना पन्नाशीत हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार अधिक आढळला. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उपासमारीच्या दिवसांत गर्भधारणा झालेल्यांच्या आयजीएफ-2 या वाढीशी संबंधित जनुकावर मिथाइल गटांच्या खुणा (डीएनएला चिकटणारे हे छोटे रासायनिक गट जनुक किती चालावे हे ठरवायला मदत करतात) त्यांच्या सख्ख्या भावंडांपेक्षा कमी दिसल्या, आणि त्याही साठ वर्षांनंतर. जनुकाची अक्षरे तीच होती, बदलल्या त्या फक्त वरच्या खुणा. याच खुणेने हृदय बिघडवले, असे मात्र यावरून म्हणता येत नाही.

हे मिथाइल गट पुरवण्यात फॉलेट आणि बी-12 या जीवनसत्त्वांचा वाटा असतो. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून चालवलेल्या अभ्यासात, गरोदरपणी बी-12 कमी आणि फॉलेट भरपूर असलेल्या मातांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक आढळली. मधुमेहाची आणि हृदयविकाराची वाट तिथूनच जाते. शाकाहारी घरांत बी-12 साठी मुख्य भिस्त दुधावर, हे इथे आठवलेले बरे.

खुद्द हृदयातही जनुके दाबण्याचा आणि जागवण्याचा हा खेळ चालतो. प्रौढ हृदयाच्या पेशी क्वचितच विभागतात. वाढलेल्या रक्तदाबाचा भार वर्षानुवर्षे पडला की त्या फुगतात. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांवरचे ॲसिटिल गट (याही रासायनिक खुणाच) काढणाऱ्या एचडॅक गटातील काही विकरे एरवी वाढीची जनुके दाबून धरतात. भार वाढला की ती पेशीच्या केंद्रकाबाहेर ढकलली जातात, दाब सुटतो, आणि गर्भावस्थेत जोमाने चालणारी जनुके पुन्हा जागी होतात. ताण पडलेले हृदय रक्तात सोडते त्या बीएनपी या संप्रेरकाचे जनुक त्यांपैकीच एक. धाप लागलेल्या रुग्णाचे रक्त घेऊन नाशिकच्या रुग्णालयांत होणारी बीएनपी तपासणी अखेर याच जागेपणाचा माग काढत असते.

काही खुणा भरूनही येतात. धूम्रपानाने एएचआरआर या जनुकावरचे मिथाइल गट कमी होतात. बिडी-सिगारेट सोडल्यावर ते वर्षानुवर्षे हळूहळू परततात, पण फार ओढलेल्यांच्या रक्तात पूर्ववत होतातच असे नाही.